आकाशवाणीची धून आणि एक निर्वासित



आकाशवाणीच्या कार्यक्रमास आरंभ होण्यापूर्वीं तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची जी धून उमटत असे, ती आपल्या कित्येक पिढ्यांनीं ऐकली आहे. मुंबई-पुण्याप्रमाणेंच आमच्या कोहमाऱ्यासारख्या लहान गांवींही ती परिचित होती. ही धून रचण्याचें श्रेय ज्यांना दिलें जातें, ते वॉल्टर कॉफमन हे ज्यू असून आश्रयार्थ हिंदुस्थानांत आले होते, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

कॉफमन यांचा जन्म १९०७ सालीं बोहेमियांतील कार्ल्सबाद येथें झाला. संगीताचें अध्ययन त्यांनीं बर्लिन येथें केलें. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि एप्रिलांत ज्यूंना सरकारी नोकरींतून दूर करणारा कायदा निघाला. कॉफमन यांचे एक गुरु कुर्ट झाक्स यांसही पद सोडावें लागलें. १९३५ सालीं न्युरेंबर्गच्या कायद्यांनीं ज्यूंचें नागरिकत्व हिरावलें. नोव्हेंबर १९३८ मध्यें त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं. आणि महायुद्धाच्या काळांत सुमारें ६० लक्ष ज्यूंची पद्धतशीर हत्या झाली. प्रथम कायदा, मग आग आणि शेवटीं संहार, असा हा क्रम होता.

कॉफमन १९३४ सालीं मुंबईस आले. मेहली मेहता आदि वादकांसमवेत त्यांनीं पाश्चात्य संगीताची मंडळी चालविली आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई नभोवाणी केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळला. प्रथम परकें वाटलेल्या आपल्या रागसंगीताचा त्यांनीं इतका अभ्यास केला कीं, पुढें त्यावर ग्रंथ लिहिले.

ज्यू धर्म महाराष्ट्रास नवा नव्हता. कोंकणांत शतकानुशतकें राहिलेले, शनिवारीं तेलघाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल लोक मराठीच बोलत. धर्मासाठीं येथें त्यांचा छळ झाला नाहीं. तथापि इंग्रज सरकारनें निर्वासितांस द्वार पुरतें उघडलें नव्हतें, हेंही सांगणें प्राप्त आहे. १९३९ मध्यें युद्ध पेटतांच जर्मनी व ऑस्ट्रियांतून आलेल्या अनेक ज्यूंना शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून नजरकैदेंत ठेवण्यांत आलें; पुष्कळांची सुटका चौकशीअंतीं झाली. हिटलरनें ज्यांना जर्मन मानलें नाहीं, त्यांना इंग्रजांनीं जर्मन ठरविलें!

जर्मनींत स्वस्त रेडिओयंत्रें घरोघर पोंचवून त्यांतून द्वेष ओतला गेला. मुंबईंत त्याच साधनाद्वारें एका निर्वासितानें आपल्याला सकाळची धून दिली. निर्वासित दारीं आला कीं आपण त्याची गरज मोजतों. तो सोबत काय घेऊन आला आहे, हें विचारावयाचें मात्र राहून जातें.