कर्मिटच्या गोळ्या

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, मिंगो परगण्यात, कर्मिट नावाचे गाव आहे; २०१० साली त्याची वस्ती जेमतेम चारशे होती. याच परगण्यातील मेटवान येथे १९२० साली, युनियनमध्ये शिरलेल्या खाणकामगारांना घरांबाहेर काढण्यास आलेल्या कंपनीच्या हस्तकांशी चकमक झाली. दहा माणसे पडली.

कोळशाच्या खाणीत वाकून राबणाऱ्याची पाठ लवकर जाते. उद्याची पाळी तर चुकवता येत नाही. मग वेदना मारावयाची कशाने? १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आली आणि अफूच्या जातीच्या गोळ्या डॉक्टर सढळ हाताने लिहून देऊ लागले. व्यसन क्वचितच लागते, असे विक्रेते सांगत.

या शतकाच्या पहिल्या दशकात, अवघ्या दोन वर्षांत, कर्मिटच्या एका औषधदुकानात हायड्रोकोडोनच्या जवळजवळ ९० लाख गोळ्या आल्या. माझी शाळा लवकर सुटली, पण भागाकार येतो: माणशी २२ हजारांवर! गिऱ्हाईक बाहेरगावचेही होते, हे खरे. हा आकडा २०१६ साली चार्ल्सटनच्या वृत्तपत्राने उजेडात आणला. तोवर दोष पुष्कळदा व्यसनी माणसाच्या स्वभावावर ढकलला जाई. वास्तविक वितरक कंपन्यांकडून या मालाचा हिशेब केंद्र सरकारच्या खात्याकडे नियमाने जात होता.