पाजहराची कुळकथा

जठरात केस, फळांचा चोथा किंवा असेच न पचणारे जिन्नस साचून त्यांचा जो घट्ट गोळा बनतो, आणि अन्नाची वाट अडवून प्रसंगी रोग्याच्या जिवावर उठतो, त्यास आजचे वैद्यक ‘बेझोर’ म्हणते. पण ज्या फारसी ‘पादजहर’ शब्दापासून हे नाव निघाले, त्याचा अर्थ मात्र विषाचा उतारा असा आहे. त्यातला ‘जहर’ तोच, जो आपल्या बोलण्यात केव्हाच रुळला आहे.

इराणातील रानबकऱ्याच्या कोठ्यात एखादे बी वा केसांचा पुंजका अडकून, त्यावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर चढत जाऊन सिद्ध होणारा, विषाचा उतारा मानला गेलेला गुळगुळीत खडा, म्हणजेच पाजहर, राजेरजवाड्यांच्या जामदारखान्यात जवाहिरांच्या पंक्तीस बसे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ऑर्त या पोर्तुगीज वैद्याने त्याचे नाव ‘पाझन’ या बोकडाशी जोडले, आणि अपभ्रंशाने लोक त्यास बाजारचा दगड समजतात, असेही नमूद केले. व्युत्पत्तीचे काहीही असो, बाजाराशी त्याचे सूत जुळले ते खरेच. कारण पुढल्या शतकात गोव्याच्या जेझुइटांनी कृत्रिम खडे घडवून विकावयास काढले, आणि खरेदीदार ते सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवून, चिमूटभर खरवडून, पेयात कालवून घेऊ लागले.

या खड्याची परीक्षा फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाच्या पदरी असलेल्या आंब्रुआझ पारे या शस्त्रवैद्याने तत्पूर्वीच घेतली होती. चांदीची ताटे चोरल्याबद्दल फाशीची सजा झालेला एक मुदपाकी, वाचलो तर सुटलो या बोलीवर, विष आणि पाठोपाठ खडा घ्यावयास कबूल झाला. आणि सुमारे सात तास तडफडून मेला. राजेलोकांचा विश्वास एवढ्याने ढळत नाही, हे गोव्याच्या पुढील व्यापारावरून दिसतेच.

आता उपचार करावयाचा तो रोग्याच्या जठरातल्या गोळ्यावरच. केस विरघळविणारे औषध पोटात घालण्याजोगे नाही, म्हणून केसांचा मोठा गोळा बहुधा जठर उघडूनच काढावा लागतो. फळांच्या चोथ्याचा गोळा मात्र काहीसा मवाळ. २००२ साली ग्रीक डॉक्टरांनी अशा पाच रोग्यांच्या नाकातून नळी घालून, बारा तासांत तीन लिटर कोलाने जठर धुतले, तेव्हा पाचही गोळे विरघळले. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या पर्सिमॉन फळाचा गोळा तेवढा हट्टी. त्यातील तुरट द्रव्याने तो दगडासारखा आवळतो, आणि कोलाने मऊ पडला तरी बहुधा दुर्बिणीने तुकडे करूनच तोंडावाटे बाहेर ओढावा लागतो.