अकरा मजकूर आणि एक सेन्सॉर

१९७५ च्या पावसाळ्यात ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईतून निघणाऱ्या लहानशा इंग्रजी मासिकाचा मजकूर सेन्सॉरकडे गेला आणि त्यातील अकरा मजकुरांना परवानगी नाकारण्यात आली. संपादक होते मिनू मसानी. वय सत्तरीला टेकलेले. ते थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. आजचा धागा त्या खटल्याविषयी आहे. मात्र तिथवर पोहोचण्यापूर्वी हे मासिक कोणाचे होते आणि त्यामागे पैसा कुणाचा होता, हे पाहावेच लागेल. आणीबाणीच्या आठवणींत तुरुंगातले समाजवादी आणि संघाचे स्वयंसेवक हमखास येतात. खासगी मालमत्ता, मुक्त व्यापार आणि पाश्चात्त्य देशांशी मैत्री यांची वकिली करणारा हा तिसरा गट मात्र बहुधा तळटीपेतच उरतो.

मसानी जन्माने मुंबईचे पारशी, आणि राजकीय जन्माने चक्क समाजवादी. नाशिकच्या तुरुंगात ज्या तरुणांच्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष साकारला, त्यांत जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन यांच्याबरोबर तेही होते. पुढे स्टालिनच्या मॉस्कोतील खटल्यांनी त्यांचा भ्रमनिरास केला आणि १९३९ मध्ये त्यांनी पक्ष सोडला. ज्याने एखादे दैवत स्वतःच्या हाताने देव्हाऱ्यातून उतरवले आहे, त्याच्या टीकेला एक वेगळीच धार असते. मसानींचे लेखन वाचताना ती सतत जाणवते, आणि कधीकधी खुपतेही.

१९५१ च्या मार्चमध्ये ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या साम्यवादविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेची भारतीय परिषद भरली. ती व्हायची होती दिल्लीत. सरकारच्या नापसंतीमुळे मुंबईत हलवावी लागली. त्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या भारतीय समितीने १९५२ मध्ये ‘फ्रीडम फर्स्ट’ सुरू केले. नेहरूंच्या अलिप्ततावादावर सातत्याने बोट ठेवणे हे या गटाचे ठरलेले काम. त्यासाठी निमित्ते शोधावी लागत नव्हती. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील ४ नोव्हेंबरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. सुएझवरील हल्ल्याचा तत्काळ निषेध करणारे सरकार हंगेरीबाबत शब्द तोलत बसले, हा आरोप बिनबुडाचा नव्हता.

राजकीय आघाडीवर याच मताला वजन दिले ते राजाजींनी. मद्रासच्या ‘स्वराज्य’ साप्ताहिकातून चक्रवर्ती राजगोपालाचारी १९५७ पासून मांडत होते की काँग्रेस डावीकडे झुकली असताना देशाला आणखी एका डाव्या पक्षाची नव्हे, तर समर्थ आणि बोलक्या उजव्या पक्षाची गरज आहे. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग त्यांचाच. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला आणि ठिणगी पडली. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये मुंबईत अधिवेशन भरले आणि मसानी सरचिटणीस झाले. १९६७ मध्ये लोकसभेच्या ४४ जागा, १९७१ मध्ये अवघ्या ८. राजेरजवाडे, उद्योगपती आणि जमीनदार यांचा पक्ष हा शिक्का त्याला कधीच पुसता आला नाही. आणि खरे सांगायचे तर तो पूर्णपणे खोटाही नव्हता.

आता पैशाची गोष्ट. एप्रिल १९६६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आणि पुढच्या वर्षी इतर नियतकालिकांनी उघड केले की ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ला अमेरिकेच्या सीआयएकडून पैसा मिळत आला होता. मे १९६७ मध्ये टॉम ब्रेडन या सीआयएच्या माजी अधिकाऱ्याने तर स्वतःच्या नावाने लेख लिहून ते अभिमानाने सांगितले. जयप्रकाशांसारखा माणूस या संघटनेचा मानद अध्यक्ष होता. भारतातल्या डाव्यांना यापेक्षा मोठे हत्यार कोणते हवे होते?

माझ्या पिढीच्या अभ्यासकांना इथे थांबण्याचा मोह होतो: पैसा परकीय, म्हणून मत परकीय, प्रकरण संपले. मला ते पटत नाही. हंगेरीत जे घडले ते कुणाच्याही पैशाने घडलेले किंवा न घडलेले ठरत नाही. मात्र पैसा कुठून येतो यावर काय लिहायचे राहून जाते हे पुष्कळदा ठरते, आणि या गटाचे मौन तपासायला हवे ते तिथे. मॉस्कोच्या रणगाड्यांविषयी बोलताना त्यांच्या आवाजात जो संताप असे, तो व्हिएतनामवर पडणाऱ्या अमेरिकी बॉम्बविषयी बोलताना शोधावा लागतो.

तर असे हे मासिक आणि असा त्याचा संपादक. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि पाठोपाठ सेन्सॉरशिप. नाशिकचे जुने सोबती जयप्रकाश कैदेत गेले. मसानी बाहेर होते. त्यांच्या याचिकेवर एकसदस्य पीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सेन्सॉर बिनोद राव यांनी अपील केले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती दि. प. मादन आणि म. ह. कानिया यांच्या खंडपीठाने तेही फेटाळले.

निकालातली कायदेशीर मेख समजून घेण्यासारखी आहे. आणीबाणीत अनुच्छेद १९ चे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आधीच निलंबित होते, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवून लढता येत नव्हते. न्यायालयाने प्रश्न वेगळा विचारला: सेन्सॉरला जो अधिकार मिळाला आहे तो ज्या आदेशातून मिळाला, त्याच्या चौकटीत तो वागला का? संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी दिलेला अधिकार सरकारवरील टीका दाबण्यासाठी वापरता येत नाही. सगळ्या वृत्तपत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे वळवायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, अशा आशयाचे वाक्य त्या निकालात आहे. शिडांची ती प्रतिमा पुढे वृत्तपत्रस्वातंत्र्यावरील कितीतरी लेखनात पुन्हापुन्हा आली.

त्याच सुमारास पुण्यात ‘साधना’ साप्ताहिकही सरकारी कारवाईविरुद्ध न्यायालयात झगडत होते. अर्थकारणाच्या प्रश्नावर साने गुरुजींचे ‘साधना’ आणि मसानींचे ‘फ्रीडम फर्स्ट’ यांचे एका ओळीवरही एकमत झाले नसते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्ध व्यक्तीला आपल्या अटकेविरुद्ध उच्च न्यायालयाकडेही दाद मागता येणार नाही. मुंबईचा निकाल त्याच्या जेमतेम अडीच महिने आधीचा आहे.