दुष्काळात पाळणे का थांबले

1891 च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 28 लाख 97 हजार होती. दहा वर्षांनी ती 27 लाख 54 हजारांवर आली. मधल्या काळात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पडून गेले होते. या तुटीचा हिशेब आपण मृत्यूंनी मांडतो. भूक, पटकी, हगवण आणि पाऊस परतल्यावर आलेला हिवताप यांनी माणसे गेली, हे खरेच आहे. पण तुटीचा एक वाटा स्मशानात सापडत नाही, तो जन्मालाच न आलेल्या मुलांचा. वऱ्हाडात पाटलामार्फत गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद होई आणि त्या काळाच्या मानाने ती बरीच नेटकी होती. लोकसंख्येचे अभ्यासक टिम डायसन यांनी दक्षिण आशियातल्या दुष्काळांच्या अशा नोंदी तपासून 1991 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. जन्माच्या महिन्यातून नऊ महिने मागे गेले की गर्भ कधी राहिला ते कळते. तसे मोजल्यावर दिसले की मृत्यूंची लाट उसळण्याच्या बऱ्याच आधी, धान्य महागू लागले तेव्हाच, गर्भधारणा कमी होऊ लागल्या होत्या. बाईची जननक्षमता तिच्या ताटात काय पडते आणि तिच्या अंगावर किती काम पडते याला बांधलेली असते, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. आणि या दोन्ही गोष्टी ठरवणारी ती स्वतः नव्हती.

काम किती पडत होते ते 1876-78 च्या दख्खनच्या दुष्काळात पाहता येते. धोंड-मनमाड लोहमार्ग याच दुष्काळी कामांतून उभा राहिला. अशा कामांवर पुरुष माती खणत आणि बायका ती पाटीत भरून डोक्यावरून भरावावर नेऊन टाकत. जिथे खडीचे काम असे तिथे उन्हात दगड फोडत बसत. दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्या सूत्राप्रमाणे 1877 च्या सुरुवातीला मजुरी उतरवली गेली. पुरुषाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा, बाईला त्याहूनही कमी. याविरुद्ध दख्खनच्या मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. इतक्या ज्वारीतून दीड-एक हजार उष्मांक मिळतात. दिवसभर माती वाहणाऱ्या बाईची गरज त्याच्या कितीतरी पुढे जाते. शिवाय त्याच मजुरीत लेकरांचे पोट भरायचे, अंगावर पिणारे मूल असेल तर त्याला दूध पाजायचे आणि घरी परतून पाण्यासाठी पुन्हा पायपीट करायची. शरीरात येणारे आणि खर्च होणारे यांचा मेळ असा तुटला की मेंदूतून बीजकोशाकडे जाणारे संदेश मंदावतात, बीज पक्व होईनासे होते, पाळी लांबते आणि मग थांबते. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक 1994 मध्ये सापडले, तेव्हा अंगातला साठा किती उरला आहे हे मेंदूला कसे कळते याचा एक मोठा दुवा मिळाला. ज्या शरीराला स्वतःला जगवणे अवघड झाले आहे, ते दुसरा जीव वाढवायला घेत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पुरुष कामाच्या शोधात परागंदा झाले, लग्ने लांबली, कित्येक जोडपी मोडली, म्हणून जन्म घटले. बाईच्या शरीराचा यात संबंध काय? ही कारणे होतीच. भाव चढलेले पाहून जोडप्यांनी जाणूनबुजून सांभाळून घेतले असेल, हेही डायसन नाकारत नाहीत. पण भुकेचा वाटा वेगळा काढून दाखवणारे उदाहरण युरोपात घडले. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची अन्नवाहतूक रोखली आणि शहरांतला शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली गेला. तिथे वैद्यकीय नोंदी चोख होत्या. असंख्य बायकांची पाळी बंद झाल्याचे त्यांत दिसते आणि नऊ महिन्यांनी जन्म निम्म्याहून खाली आले. झेना स्टाइन आणि मर्विन ससर यांनी 1975 मध्ये सहकाऱ्यांसह या नोंदींचा ग्रंथ लिहिला. त्यांना असेही आढळले की अंगमेहनत करणाऱ्या कुटुंबांत ही घट जास्त होती आणि पांढरपेशांत कमी. एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात ज्याच्याकडे साठवण किंवा चोरबाजारासाठी पैसा होता, त्याच्या घरातल्या बाईचे शरीर कमी खचले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भुकेने जननक्षमता घटत असेल, तर गरिबाघरी मुले जास्त का? लोकसंख्येचे अभ्यासक जॉन बोंगार्ट्स यांनी 1980 मध्ये याचे उत्तर दिले आणि ते मला पटते. वर्षानुवर्षे थोडे कमी खाणाऱ्या बाईच्या जननक्षमतेत फारसा फरक पडत नाही. शरीर त्या पातळीशी जुळवून घेते. घसरण होते ती उपासमार तीव्र झाल्यावर. म्हणून ‘कुपोषित बाईला मूल होत नाही’ असे सरसकट विधान चुकीचे आहे. पण कुपोषण निरुपद्रवी आहे असा अर्थही यातून निघत नाही. जननक्षमता टिकली तरी त्याची किंमत आई आपल्या रक्ता-हाडांतून मोजते आणि मूल कमी वजनाने जन्मते.

आज जननक्षमतेवर बोलताना सवयींची यादी पुढे येते: तंबाखू, वजन, झोप, ताण. धूम्रपानाने रजोनिवृत्ती वर्ष-दोन वर्षे अलीकडे येते, फार वाढलेल्या किंवा फार घटलेल्या वजनाने बीज पक्व होण्यात अडथळा येतो, हे सिद्ध आहे आणि ते बायकांना सांगितलेच पाहिजे. माझी हरकत आहे ती या सगळ्याला तिची निवड समजण्याला. मशेरीचेच घ्या. भाजून काळी केलेली तंबाखू बोटाने दातांना लावायची ही आपल्याकडची जुनी सवय. मुंबईत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे 105 ग्रॅमने कमी भरले. वाईट सवय, यात वाद नाही. पण कष्टकरी बायका मशेरी का लावतात असे विचारले, तर भूक मरते हे उत्तरही मिळते. त्या बाईला नुसते ‘मशेरी सोडा’ म्हणणारा तिच्या भुकेबद्दल काहीच बोललेला नसतो.

मूल झाले नाही की आपल्या समाजाने बोट बाईकडे दाखवले, तिच्या पायगुणाकडे, तिच्या वागण्याकडे. दुष्काळांच्या नोंदी या आरोपाला थेट उत्तर देतात. पिके हाताशी आली, भाव उतरले आणि नऊ-दहा महिन्यांनी जन्मांचे आकडे पुन्हा चढू लागले. बहुतेक ठिकाणी काही काळ नेहमीच्या पातळीच्याही वर गेले. बायका त्याच होत्या, चालीरीती त्याच होत्या. बदलले होते ते धान्य आणि डोक्यावरचे ओझे.