भिंतीवरची तारीख

आपल्या गावात जुने घर उभे असेल, तर दाराच्या चौकटीशेजारची भिंत एकदा नीट पाहा. क्वचित कुठे पुसट झालेली इंग्रजी आद्याक्षरे सापडतील : एन. एम. ई. पी. आणि त्यांच्या खाली एखादी तारीख. मुलांना तो घरक्रमांक वाटतो. खरे म्हणजे तो एका मोठ्या मोहिमेचा शिलालेखच होय. राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रमाचा माणूस या उंबऱ्याशी येऊन गेला, याची ती साक्ष.

ही मोहीम का निघाली? स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप गाठी आणि आठ लाख लोक दगावत, असा अंदाज आहे. ऐन सुगीत घरचा कर्ता माणूस गोधडीत कुडकुडत पडे. पोरांच्या पांथऱ्या वाढत. औषध म्हणजे कडू कोयनेल, आणि तेही सर्वांना कुठले मिळायला!

डॉ. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले होते. पण उपाय घरोघर पोचायला पुढे अर्धशतक गेले. उपाय असा : अॅनॉफिलीस डासाची मादी रक्त पिऊन जड होते आणि जवळच्या भिंतीवर टेकते. तिच्या पोटात जंतू तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्यात ती पुन्हा रक्त प्यायला येते, पुन्हा भिंतीवर बसते. त्या भिंतीवर डी. डी. टी. असेल, तर ती रोग पसरवण्याआधीच मरते. म्हणजे लढाईचे मैदान घरातली भिंतच!

तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत, डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली गावोगाव अशी फवारणी करून पाहिली. त्या अनुभवाचा आधार घेऊन १९५३ साली देशव्यापी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ साली त्याचेच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. पंप घेतलेली पथके वाड्यावस्त्यांवर हिंडू लागली. मागाहून दर पंधरवड्याला एक कर्मचारी दारोदार जाई. 'कुणाला ताप आला होता का?' असे विचारून तो बोटातून थेंबभर रक्त काचेवर घेई.

आता एक घरगुती गोष्ट ऐका. पथक भिंत फवारून जाई, आणि सण जवळ आला की घरची बाई तीच भिंत शेणामातीने सारवून काढी. औषध सारवणाखाली झाकले जाई आणि डास निर्धास्त बसे. कुठे देवघरात, कुठे स्वयंपाकघरात फवारू देत नसत. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण सारवणे हे तर स्वच्छतेचेच काम! तो भुरकट थर काही आठवडे राहू द्यायचा असतो, हे जिथे कुणी समजावून सांगितले नाही, तिथे त्या माउलीने काय करावे?

तरीही यश मोठे होते. १९६५ साली देशातली रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. मग ढिलाई आली. डी. डी. टी. वेळेवर मिळेना, डास त्याला दाद देईनात, शहरांतल्या हौद-टाक्यांकडे कानाडोळा झाला. 'ताप गेला' असे म्हणून लोकही विसरले. १९७६ साली रुग्णांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला आणि १९७७ साली सरकारला योजनाच बदलावी लागली.

आज २०३० पर्यंत हिवताप हटवण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र तो अजून ठाण मांडून आहे. आता औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटतात. ती मच्छरदाणी घडी करून पेटीत ठेवली, तर सारवलेल्या भिंतीचीच गोष्ट पुन्हा घडेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याकडे जून हा हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळतात. त्या महिन्यात मुलांना गावातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा. 'फवारणीवाले आले तेव्हा तुम्ही काय केलेत?' एवढेच विचारायला सांगा. आणि परत येताना मुलांनी आपापल्या घरची पाण्याची भांडी, टाक्या, हौद पाहून यावेत. पथक येते आणि पुढच्या गावाला जाते. मागे राहणारी माणसे आपणच असतो.