चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी पळणं इतकं अवघड का असतं ?

उन्हाळ्यात पळायचं कधी ? या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात. एकतर पहाटे, नाहीतर ऊन उतरल्यावर संध्याकाळी. मुंबई-पुण्यात दुसरं उत्तर चालून जातं. पण चंद्रपूर किंवा गडचिरोलीत मे महिन्यात तेच उत्तर धरून बूट बांधले, की पहिल्या किलोमीटरला डोळ्यात चिलट जातं, दुसऱ्याला कुत्रं मागं लागतं आणि तिसऱ्यापर्यंत अंधार पडतो.

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास असेल तर पळू नका, पावसाळ्यात पळा. पण या दोन जिल्ह्यांत रस्त्यावर पळणाऱ्यांत हौशी मंडळी कमी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी जास्त. भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरी साधारण ७७ सेकंदांत. हा वेग दोन आठवड्यांत येत नाही. त्यात २०२४ ला राज्यातली मैदानी चाचणी सुरू झाली १९ जूनला. त्यामुळं त्या वर्षी ज्यांना उतरायचं होतं त्यांचा खरा सराव झाला तो एप्रिल-मे मध्ये, विदर्भातल्या सगळ्यात वाईट महिन्यांत. सकाळी कुणाला शेतावर जायचं असतं, कुणाला मोहफुलं वेचायला, कुणाला तेंदूपत्त्याला. उरते ती संध्याकाळ.

ही संध्याकाळ मुळात छोटी आहे

ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण सूर्य पूर्वेकडं आधी मावळतो. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, असा हिशोब असतो. चंद्रपूर मुंबईच्या साधारण साडेसहा अंश पूर्वेला आहे. त्यामुळं मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य ७ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास मावळतो, तेव्हा चंद्रपुरात मावळून २५ मिनिटं होऊन गेलेली असतात. गडचिरोलीत आणखी दोन-तीन मिनिटं आधी.

दुसरीकडं पारा खाली यायला तयार नसतो. दिवसाचं तापमान सगळ्यात जास्त असतं ते दुपारी बाराला नाही, तर तीन-चारच्या दरम्यान. एप्रिल २०२५ मध्ये चंद्रपूर ४५ अंशांच्या वर गेलं होतं, आणि नवतपाच्या दिवसांत म्हणजे २५ मे नंतरच्या नऊ दिवसांत असे आकडे इथं कुणाला नवीन वाटत नाहीत. अशा दिवशी साडेपाचलाही पारा चाळिशीतच असतो. पळण्याजोगं वाटायला लागतं साडेसहानंतर आणि सातच्या थोडं पुढं रस्ता दिसेनासा होतो. म्हणजे हातात राहतो जेमतेम अर्धा तास. बाकी सगळे त्रास याच अर्ध्या तासात येऊन बसतात, कारण ऊन उतरायची वाट फक्त माणूसच बघत नसतो.

सूर्य गेला तरी डांबर गार होत नाही. दिवसभर शोषलेली उष्णता ते कितीतरी वेळ बाहेर टाकत राहतं, त्यामुळं वारा बरा लागतो पण पोटऱ्यांना झळ बसत राहते. उष्णतेत शरीर रक्ताचा बराच भाग कातडीकडं वळवतं, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडेल. तेवढं रक्त स्नायूंना कमी मिळतं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. फेब्रुवारीत साडेपाच मिनिटांत येणारा मुलगा मे मध्ये सहा मिनिटं घेतो आणि आपला सराव बिघडला म्हणून आणखी जोर लावतो. सराव बिघडलेला नसतो, हवा बदललेली असते.

विदर्भाच्या उन्हाची आणखी एक खोड म्हणजे कोरडेपणा. कोकणात घाम अंगावरून ओघळतो, त्यामुळं पाणी किती गेलं ते कळतं. इथं घाम येतो तसाच उडून जातो, टी-शर्टवर फक्त मिठाचे पांढरे पट्टे राहतात. ते मीठ मांडीला आणि काखेला घासतं आणि रात्री अंघोळीला गेल्यावर चरचर कळते. पळण्याआधी तिथं थोडं खोबरेल लावलं तर हे टळतं. पाण्यासोबत मीठही जात असल्यानं ताक, आंबील किंवा कैरीचं पन्हं या जुन्या गोष्टी इथं उगाच टिकलेल्या नाहीत.

चिलटं नेमकी डोक्यावरच का फिरतात ?

या भागात पळायची आवडती जागा म्हणजे तलावाची पाळ. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात मालगुजारी काळातले तलाव गावोगावी आहेत, त्यांनाच मामा तलाव म्हणतात. पाळीवर गाड्या नसतात, जमीन मऊ असते, वाराही असतो. पण बऱ्याच बारक्या माशांच्या अळ्या पाण्यातच वाढतात आणि त्यांचे नर बरोबर तिन्हीसांजेला थवा करून मादीची वाट बघत घिरट्या घालतात. थवा जमवायला त्यांना एखादी उंच खूण लागते. झुडूप, खांब किंवा मग माणसाचं डोकं. त्यामुळं तुम्ही चाललात की थवाही सोबत चालतो.

पळताना तोंड उघडं असतं, म्हणून एखादं चिलट घशात जातंच. त्यानं ठसका लागण्यापलीकडं फारसं काही होत नाही. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, पाणी मारायचं. साधा पारदर्शक चष्मा आणि टोपी असली तरी निम्मा त्रास कमी होतो. डासांचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मलेरिया पसरवणारा डास संध्याकाळ ते पहाट या वेळेतच चावतो आणि राज्यातल्या मलेरिया रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा आहे. उन्हाळ्यात हे प्रमाण कमी असतं, पण एक-दोन वळवाचे पाऊस पडून गेले की पळून झाल्यावर पाळीवर घामट अंगानं गप्पा मारत बसणं महागात पडू शकतं.

धूर, धूळ आणि वरात

मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात. कधीकधी ती आग पसरते आणि मार्च ते मे जंगलातून धूर येत राहतो. गावाकडं याच वेळी कचरा पेटतो. सूर्य मावळला की वारा पडतो, जमिनीलगतची हवा वर जायची थांबते आणि हा सगळा धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवर साचतो. चंद्रपूरला त्यात कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राची भर. २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक निघाला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या नंबरवर होतं. समोरच्या दिव्याभोवती धुरकट वलय दिसायला लागलं, की त्या दिवशी वेगाचा सराव सोडून नुसतं चाललेलं बरं.

याच वेळी गुरं घरी येत असतात. रस्ताभर म्हशी आणि वर गोधूळ. शिट्टी वाजवून म्हैस बाजूला होत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. मे म्हणजे लग्नसराई, त्यामुळं मुख्य रस्त्यावर वरात आणि डीजे. पळणारा त्यातून वाट काढेपर्यंत घड्याळातली वेळ गेलेलीच असते.

कुत्र्यांचंही तसंच. दिवसभर गाडीखाली किंवा नालीत पडून राहिलेली कुत्री गारवा आला की उठतात आणि पळणारी वस्तू दिसली की मागं लागतात. अशा वेळी वेग वाढवला तर तीही वाढवतात. थांबायचं, त्यांच्या डोळ्यात न बघता हळूहळू बाजूला व्हायचं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची.

इथवर वैताग झाला, इथून पुढं जिवाचा प्रश्न

राज्यातले सगळ्यात जास्त वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत आणि ते फक्त ताडोब्यात राहत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघानं एका कामगाराला मारलं आणि त्यापाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाचा जीव घेतला. हे शहराला लागून झालं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

वाघ, बिबट्या, अस्वल हे सगळे उन्हात पडून राहतात आणि संध्याकाळी पाण्याकडं निघतात. उन्हाळ्यात पाणी उरतं ते तलावात आणि नाल्याच्या डोहात, म्हणजे पळायच्या आवडत्या जागेजवळच. अस्वलाला त्यात मोहफुलांचं वेड. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूनं आलेले रानटी हत्तीही फिरतायत. अंधार पडला की साप निघतात, त्यात घोणस म्हणजे इकडची परड वाळल्या पाल्यात अजिबात दिसत नाही. म्हणून जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर एकट्यानं आणि कानात इअरफोन घालून पळणं हा शुद्ध वेडेपणा आहे. बुटाची लेस बांधायला झुडपाशेजारी खाली बसणंही टाळायचं, कारण वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटेलच असं नाही.

पण जंगली जनावरांपेक्षा रोजची भीती गाड्यांची. चंद्रपुरात कोळशाचे आणि गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रस्त्यावर असतात. ७ ऑगस्ट २०२५ ला पहाटे गडचिरोली तालुक्यातल्या काटलीजवळ व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना हायवेच्या कडेला ट्रकनं उडवलं. चार मुलं गेली. ती वेळ पहाटेची होती, पण अंधुक उजेड तोच, रस्ता तोच आणि मैदान नाही म्हणून हायवे गाठायची सवयही तीच.

रस्त्यावरच पळावं लागलं तर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं. कपडे पांढरे किंवा भडक. सायकलच्या दुकानात चमकणारी पट्टी मिळते, ती पाठीला लावता येते. आभाळात गडगडलं की झाडाखाली न जाता पक्क्या इमारतीत जायचं. विजेचा अंदाज देणारं ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलंय, ते फुकट आहे.

आणि पळताना सोबतचा कुणी बरळायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, तर त्याला बसवून पाणी पाजत राहण्यात वेळ घालवू नये. तो उष्माघात असू शकतो. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही हा समज चुकीचा आहे, पळताना झालेल्या उष्माघातात घाम चालूच राहू शकतो. आधी अंगावर मिळेल तेवढं गार पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा.

चंद्रपूर शहराजवळ विसापूरला तालुका क्रीडा संकुल आहे, डिसेंबर २०२३ मध्ये शालेय ॲथलेटिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धा तिथंच झाल्या. धानोरा किंवा एटापल्लीकडच्या पोराला मात्र ते जवळ नाही. अशा गावांत शाळेच्या पटांगणात दोरीनं २०० मीटरची फेरी मोजून चुन्याची फक्की मारली, तर १६०० मीटर म्हणजे आठ फेऱ्या होतात. वळणं जास्त येतात, वेळ चार-पाच सेकंदांनी वाढू शकते, पण तिथं ट्रक येत नाही.