लाक्विला आणि लुचेरा : दोन शहरांची गोष्ट

रोमहून बसने ईशान्येला निघाले की दीड-दोन तासांत अपेनाइन डोंगरांमधले लाक्विला शहर लागते. नावाचा अर्थ गरुड. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी इथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ३०९ माणसे गेली, साठ हजारांहून अधिक बेघर झाली. आपल्याकडचे किल्लारी ज्यांना आठवते, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. तिथेही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, लोक झोपेत असताना घरे कोसळली. मराठवाड्यात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवद होते, इथे जुन्या दगडी हवेल्या. जुने दगडी बांधकाम हादऱ्याला टिकत नाही, मग देश गरीब असो की श्रीमंत.

मी गेलो तेव्हा जुन्या शहरात क्रेन आणि परांच्या उभ्याच होत्या. एका गल्लीत ताजा रंग दिलेल्या हवेल्या, कॉफीची दुकाने, विद्यार्थ्यांची गर्दी. पुढच्याच वळणावर लाकडी टेकू दिलेली कमान आणि कुलूप लावलेला दरवाजा. भूकंपानंतर हा सगळा भाग बंद करून तिथे सैनिकांचा पहारा बसवला होता. रहिवाशांनाही स्वतःच्या घरी जाता येत नव्हते. २०१० मध्ये लोक हातगाड्या आणि फावडी घेऊन आत घुसले आणि मलबा स्वतः उचलू लागले. सरकारने शहराबाहेर १९ नव्या वसाहती बांधल्या. घरे भूकंपरोधक आणि मजबूत आहेत, पण तिथे चौक नाही, बाजार नाही, शेजार तुटलेला. किल्लारीच्या परिसरातही गावे जुनी जागा सोडून नव्या आखीव वसाहतींत गेली. घर मिळाले, गल्ली हरवली, ही तक्रार दोन्हीकडे ऐकू येते.

या शहरातला एक खटला जगभर गाजला. भूकंपाआधी काही महिने लहान धक्के बसत होते. आठवडाभर आधी तज्ज्ञांची बैठक झाली आणि लोकांना धीर देण्यात आला. पूर्वापार सवय अशी, की धक्का बसला की रात्र उघड्या चौकात काढायची. त्या रात्री अनेक जण घरातच थांबले. २०१२ मध्ये सात जणांना शिक्षा झाली. पुढे अपिलात सहा जण निर्दोष सुटले आणि एकाची शिक्षा कमी झाली. शास्त्रज्ञांना भूकंपाचे भाकीत करता आले नाही म्हणून शिक्षा, अशी बातमी सगळीकडे पसरली. लोकांचे म्हणणे वेगळे होते. भाकीत कुणीच करू शकत नाही, पण मग खात्री तरी कशाच्या आधारावर दिली?

पडणे आणि उभे राहणे या शहराला नवे नाही. तेराव्या शतकाच्या मध्यावर आसपासच्या गावांनी मिळून ते वसवले. गावे नव्व्याण्णव होती, अशी दंतकथा आहे. नव्व्याण्णव धारांचे कारंजे १२७२ पासून तीच आठवण सांगते. १२५९ मध्ये राजा मॅनफ्रेडने शहर जमीनदोस्त केले. त्यानंतर सत्तेवर आलेल्या आंजू घराण्याच्या पहिल्या चार्ल्सच्या काळात ते पुन्हा उभे राहिले. १७०३ च्या भूकंपात बरेचसे कोसळले, तेव्हाही लोकांनी त्याच जागी बांधले.

शहराबाहेर कोल्लेमाज्जोचे चर्च आहे. गुलाबी-पांढऱ्या दगडाची रुंद भिंत, आत साधा, मोकळा दालनभर उजेड. २००९ मध्ये छताचा भाग कोसळला होता, दुरुस्तीनंतर २०१७ च्या अखेरीस ते उघडले. २९ ऑगस्ट १२९४ रोजी इथे पाचव्या सेलेस्टाइनचा पोप म्हणून राज्याभिषेक झाला. हा डोंगरात राहणारा म्हातारा फकीर. त्याने जाहीर केले, की दरवर्षी या दिवशी जो पश्चात्ताप करून इथे येईल, त्याला माफी मिळेल. त्यासाठी पैसा लागणार नाही, गरीब-श्रीमंत भेद नाही. काही महिन्यांतच त्याने पोपपद सोडले. माफीचा हा उत्सव आजही दर ऑगस्टमध्ये भरतो.

त्या समारंभाला नेपल्सचा राजा दुसरा चार्ल्स हजर होता. हे नाव वाचून मी थबकलो, कारण ते मला दुसऱ्या एका शहरामुळे माहीत होते. त्या शहराचे नाव लुचेरा.

लुचेरा लाक्विलापासून दक्षिण-पूर्वेला, पुलियाच्या सपाटीवर आहे. सिसिलीतल्या मुसलमानांचे बंड मोडून सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने त्यांना हजारोंच्या संख्येने जबरदस्तीने इथे आणून वसवले. इथे त्यांनी शेती केली, हत्यारे घडवली, सम्राटाच्या फौजेत तिरंदाज म्हणून लढले. त्यांच्या मशिदी होत्या, काझी होते. पाऊणशे वर्षे हे शहर नांदले. ऑगस्ट १३०० मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या हुकमाने ते मोडले गेले. माणसे गुलाम म्हणून विकली, मालमत्ता जप्त झाली, मशिदी गेल्या. माफीच्या त्या समारंभाला जेमतेम सहा वर्षे झाली होती.

याला धर्माधर्माचे सोपे भांडण म्हणून मांडणे मला पटत नाही. ज्या घराण्याने मुसलमानांना लुचेरात वसवले, त्याच घराण्यातल्या फ्रेडरिकच्या मुलाने, मॅनफ्रेडने, ख्रिस्ती लाक्विला उद्ध्वस्त केले. ज्या आंजू घराण्याने लाक्विला उभे राहू दिले, त्यानेच लुचेरा संपवले. सत्तेला सोयीची वाटेल ती वस्ती टिकते, नको ती जाते. तरीही एक फरक उरतोच. लाक्विलाची माणसे मागे उरली होती, म्हणून शहर दर वेळी परत उभे राहिले. लुचेरात इमारती आहेत, वस्ती आहे, पण ती माणसे नाहीत.

जवळच्या नावेल्लीच्या पठारावर केशर पिकते. पंधराव्या शतकात ते जर्मन शहरांपर्यंत जात असे. इटालियन भाषेत त्याला 'झाफ्फेरानो' म्हणतात, मूळ अरबी 'ज़ाफ़रान'. शब्द राहिला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

दरवर्षी ५ एप्रिलच्या रात्री लाक्विलाचे लोक मशाली घेऊन गल्ल्यांमधून चालतात आणि मेलेल्यांसाठी घंटेचे ३०९ ठोके पडतात. प्रत्येक मृताचे नाव शहराकडे आहे. लुचेराच्या विकल्या गेलेल्या माणसांविषयी आपल्याला जे कळते, ते बहुतेक राजाच्याच दफ्तरातल्या नोंदींवरून. नेपल्सचे ते दफ्तर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने जाळले. सुदैवाने लुचेराचे कागद एका इटालियन अभ्यासकाने त्याआधीच, १९१७ मध्ये, छापून ठेवले होते. त्याने ते काम केले नसते, तर आज या लोकांबद्दल लिहायला फारसे काही उरले नसते.